लीलाबाईची निवड

आमच्या वॉर्डात कोणाच्या डोक्यावर शंका घ्यायची असली तर आजकाल लोक म्हणतात, "याले ज्योत्स्नानं रिजेक्ट केलं." ती ज्योत्स्ना म्हणजे मी, मेश्रामाची. मी कोणालेच रिजेक्ट केलं नाही, हे पह्यलेच सांगून ठेवते. या एका गोष्टीवरून माझं अर्ध्या बालाघाट शहरासोबत भांडण होऊन बसलं आहे.

झालं असं की नागपूरच्या एका कॉलेजातून श्रुतिका मॅडम आल्या. मॅडम कायच्या, पोट्टीच ती, माझ्या लहान बहिणीच्या वयाची. मानसशास्त्र शिकून राह्यली होती, म्हणजे माणसाच्या मनाचा अन् डोक्याचा अभ्यास. तिले पाहिजे होते साठीच्या पलीकडचे माणसं अन् बाया, पण डोकं शाबूत असलेले. दर महिन्याले त्याइच्याकडे जायचं, गोष्टी करायच्या, प्रश्न विचारायचे, अन् वय वाढलं तशी आठवण कशी कशी बदलते ते पाहायचं. सुरुवातीले आठवण धड पाहिजे, नाही तर बदल कशावरून समजणार? म्हणून घेण्याआधी प्रत्येकाची थोडी चाचणी. जमलं त्याले घ्यायचं, नाही जमलं त्याले चहा पाजून, हात जोडून परत पाठवायचं.

हे म्हातारे गोळा करायचं काम मले भेटलं. प्रायव्हेट शाळेतली नोकरी मी सोडून बसली होती, अन् वॉर्डात असं एकही घर नाही जिथं मी चहा प्यायली नाही. तोंडाची फटकळ आहे, पण लोक मले दार उघडतात.

पह्यल्या दिवशी महागू दादाजी आले. "काय भेटते?" म्हणे.

"काही नाही भेटत. चहा भेटते."

"मंग निवड कायची करून राह्यल्या? चाद्दर नाही, राशन नाही, पैसा नाही, अन् निवड?"

मी म्हटलं, "दादाजी, ही योजना नाही. अभ्यास आहे."

पण आमच्या इकडं निवड म्हटली का माणसाचे कान उभे राहतात. महागू दादाजीची निवड झाली अन् बुढा चौकात छाती फुगवून सांगत फिरला, "नागपूरवालीनं माझं डोकं पास केलं." झालं! दुसऱ्या दिवशी चाचणीच्या जागी, समाजभवनाच्या ओसरीवर, ही गर्दी. एकानं केसाले मेंदी लावून आणली, एक बाबू आपलं वय वाढवून सांगे. अन् ज्याचं नाही जमलं तो माझ्या दारात येऊन बोंबले, "ज्योत्स्ना, मी काय पागल आहो का?" आता काय सांगू? अभ्यासाले जे माणसं लागतात ते लागतात, त्यात शहाण्या-पागलाचा काही संबंध नाही, असं मी ओरडून ओरडून सांगितलं. कोणी ऐकलं तर शपथ. वॉर्डानं ठरवून टाकलं, निवड झाली म्हणजे डोकं चांगलं, नाही झाली म्हणजे गेलं कामातून.

आणखी एक अडचण पह्यल्याच दिवशी आली, ते सांगणं जरुरी आहे. चाचणीत घरचे काही सोपे प्रश्न होते. लेकराचं नाव काय, माहेर कोणतं, नवऱ्याचं नाव काय. बायाइची गाडी नवऱ्याच्या नावावर येऊन थांबे. मी तर माझ्या नवऱ्याले भर बाजारात "ए अश्विन, थैली धर" म्हणते, सासूनं सुरुवातीले कान झाकले, आता तीच हासते. पण या जुन्या बाया! जीव जाईन, पण नाव नाही घेणार. तोंडाले पदर लावून हासत बसत. श्रुतिका बिचारी कोड्यात पडली, की हे विसरणं आहे का लाजणं आहे. मंग मी अन् तिनं ठरवलं, नाव मी सांगायचं, हिनं मान हालवायची, मार्क देऊन टाकायचा. तेव्हापासून काम सुरळीत चाललं.

आता सुखरामकाकाकडे येते. खरी गोष्ट त्याइचीच आहे.

माझ्या घराच्या भिंतीले भिंत लागून सुखराम बावनकरचं घर. बाहेर अजूनही पाटी आहे, "बावनकर साउंड सर्विस". एका जमान्यात या आवाजाशिवाय आमच्या इकडं लग्न लागत नव्हतं. राजेगावपासून लालबऱ्यापर्यंत कुठंही मंडप पडला का सायकलरिक्षात भोंगे टाकून काका हाजर. हा माणूस घरात हळू बोलणारा, समोरच्याच्या डोळ्यात पाहून बोलायलेही लाजणारा. पण हातात माईक आला का पाहून घ्या. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, अन् आवाज असा का झोपलेलं माणूस उठून बसलं पाहिजे. मंग डीजे आले, काकाचा धंदा बसला. एक जुनं आवाजाचं मशीन, एक माईक अन् दोन भोंगे तेवढे राह्यले. आता वॉर्डात नळ येणार नसला, कोणाची बकरी हरपली, बुद्धविहारात कार्यक्रम असला, तर काका पुकारून देतात. फुकटात. वरून चहाही आपल्याच घरचा पाजतात.

अन् लीलाकाकी म्हणजे काकाची बायको. राजेगावची लेक. गोरी, ठेंगणी, बोलायले गोड, पण नवऱ्याच्या नावाच्या बाबतीत सगळ्या वॉर्डात तिच्यासारखी कडक बाई नाही. नाव घ्यायचं तर दूरच, नावासारखा शब्दही तोंडात येऊ देत नव्हती. कोणी "राम राम काकी" म्हटलं तर ती "नमस्कार, नमस्कार" म्हणे, काहून का राममध्ये नवऱ्याचं अर्धं नाव. सुखाले ती आनंद म्हणे. "लोकेशचा संसार आनंदात आहे." लोकेश तिचा लेक, रायपूरले नोकरीले. आम्ही तिले लय छळलं. मंगळागौर नाही, डोहाळजेवण नाही, ज्या त्या कार्यक्रमात बाया मागं लागत, "लीलाबाई, उखाणा घ्या." ती उखाणा सुरू करे, चांगला रंगवे, अन् नावाच्या जागेवर आली का पदर तोंडात घालून पळून जाये.

याची एक गोष्ट काका नेहमी सांगतात. नवीन लग्न झालं होतं, रामपायलीच्या जत्रेत भोंग्याचं काम काकाकडे होतं. काकी नणदेसोबत जत्रा पाहायले गेली अन् गर्दीत चुकली. लोकाइनं तिले मंडपाजवळ आणलं. नाव काय? लीला. गाव? सांगितलं. सासूचं नाव? तेही सांगितलं. नवऱ्याचं नाव? तोंड बंद. "अवो बाई, नाव सांगशील तर पुकारता येईन." बाई ढिम्म. काका तिकडं मंडपाच्या मागं बसून दुसऱ्याच कोणाच्या हरपलेल्या लेकराले पुकारून राह्यले होते. रडत रडत काकीनं शेवटी भोंग्याकडे बोट दाखवलं अन् म्हणे, "ज्याचा आवाज येऊन राह्यला, तो."

हे सांगताना काका अजून लाजतात. अन् सांगून झालं का म्हणतात, "मले जिंदगीत कोणी असं वळखलं नाही."

मागच्या दोन-एक वर्षांत काकीचं काही तरी बिनसून राह्यलं होतं. मले भिंतीपलीकडून समजे. भाजीत दोनदा मीठ पडे. काका काही न बोलता जेवून घेत अन् मंग गटागटा पाणी पीत. एक दिवस काकी बस स्टँडवर सापडली, म्हणे राजेगावले जाते, माय वाट पाहून राह्यली असंन. तिची माय जाऊन किती जमाना झाला. काकानं हासून वेळ मारून नेली, "गंमत करून राह्यली." हळूहळू असं झालं का काकीले कोणी काही विचारलं तर उत्तर काका देत. मोजून-मापून बोलणारा माणूस एकदम पटपट बोलायले लागला. लोक म्हणत, बुढ्याले म्हातारपणी वाचा फुटली. मले समजत होतं का तो कशावर पांघरूण घालून राह्यला. पण बोलणार कोण? मीही नाही बोलली. कोणाच्या घरातलं दुखणं आपल्या तोंडानं काढायचं नसते.

लोकेश फोनवर रोज तेच म्हणे. भिंत पातळ, फोनचा आवाज मोठा. "बाबूजी, मम्मी को लेकर आ जाओ. वहाँ अकेले कैसे सँभालोगे? घर बेच दो, वो भोंगा-वोंगा बेच दो."

काका म्हणत, "तिले काय झालं? चांगली आहे ती."

त्या दिवसांतच आमची निवड सुरू झाली. एक दिवस काका स्वतः माझ्या दारात आले, टोपी हातात घेऊन. "ज्योत्स्ना बाई, तुमच्या काकीचं नाव लिहा."

मी म्हटलं, "काका, काकीले कायले तरास देता? त्यात काही भेटत नाही."

"भेटते," काका म्हणे. "निवड झाली म्हणजे ती चांगली आहे, हे तर समजते ना? नागपूरवाली सांगन तर लोकेशही मानंन." मंग खाली पाहत म्हणे, "मीही मानीन."

मी वही काढली अन् नाव लिहिलं.

अन् त्या दिवसापासून भिंतीपलीकडे शाळा भरली. चाचणीत काय विचारतात ते काकानं महागू दादाजीले चहा पाजून काढून घेतलं. आज कोणता वार, कोणता महिना, कोणतं शहर. अन् तीन शब्द सांगतात, थोड्या वेळानं ते परत विचारतात. कमळ, खुर्ची, विहीर. हे तीन शब्द तर सगळ्या वॉर्डाले पाठ झाले होते. पोट्टे लंगडी खेळताना म्हणत, "कमळ, खुर्ची, विहीर, आऊट!" मले लय राग येई. श्रुतिकाचा अभ्यास का तमाशा?

काकी समोर बसून ऐके, पण तिचं ध्यान उडे. मंग काकानं काय केलं, मशीन सुरू केलं, आवाज बारीक केला अन् माईकवर विचारायले लागले. अन् खरंच सांगते, भोंग्यातून आवाज आला का काकी सावध होऊन ऐकत होती.

"आज कोणता वार?"

"तुमीच सांगा."

"बुधवार. म्हणा, बुधवार."

"बुधवार."

"शहर कोणतं?"

"राजेगाव."

"नाही वो. बालाघाट. म्हणा, बालाघाट."

असं रोज संध्याकाळी. मी एक दिवस सहन नाही झालं म्हणून भिंतीवरून डोकावली अन् ओरडली, "काका, ही चीटिंग आहे! असं पाठ करून घ्यायचं नसते!"

काकानं माईक खाली ठेवला. म्हणे, "परीक्षेआधी लेकराले पाठ करून घेत नाहीत का माय-बाप?"

"ही परीक्षा नाही काका."

"मंग काय आहे?" काका म्हणे. "मले फक्त एवढं पाहिजे का कोणी तरी शिकलेलं माणूस म्हणावं, बाई चांगली आहे. मंग तिनं मीठ नाही, जहर टाकलं तरी मी जेवीन."

माझा राग तिथंच जिरला. मी खाली उतरली अन् मोरीत उगाच भांडे घासत बसली, घासलेलेच. पण श्रुतिकाले मी सांगितलं का शब्द फुटले आहेत, बदलून टाक. ते सांगणं माझं कामच होतं. ती आधी हासली, मंग डोक्याले हात लावला अन् नवीन शब्द काढले.

चाचणीच्या दिवशी काकी नवीन लुगडं नेसून आली. केसात अबोलीचा गजरा. काकानं पांढरा सदरा घातला होता, जसं लेकीचं पाहणं आहे. घरच्या माणसाले आत बसू देत नव्हतो, म्हणून काका समाजभवनाच्या खिडकीबाहेर बाकड्यावर बसले. खिडकी उघडी होती. श्रुतिका समोर, काकी खुर्चीवर, अन् मी बाजूले. काकीचं बोलणं श्रुतिकाले नाही समजलं तर समजावून सांगायले.

"काकू, आज कोणता वार आहे?"

"बुधवार," काकीनं फाडकन सांगितलं. खरंच बुधवार होता. काका हुशार, त्याइनं नंबरच बुधवारचा घेतला होता.

महिना बरोबर. शहर बालाघाट. मी मनातल्या मनात म्हटलं, वा रे मास्तर.

श्रुतिकानं नवीन तीन शब्द सांगितले, "आता हे लक्षात ठेवा हं, मी पुन्हा विचारीन." थोड्या गोष्टी केल्या, भाजी कोणती केली, पाणी कुठून भरता. काकी छान बोलली. मंग श्रुतिकानं विचारलं, "मी कोणते शब्द सांगितले होते?"

काकी खुश होऊन म्हणे, "कमळ, खुर्ची, विहीर."

श्रुतिकानं माझ्याकडे पाह्यलं. मी छताकडे. तिथले मार्क गेले.

"बरं, आता घरच्या गोष्टी. मुलाचं नाव काय तुमच्या?"

"लोकेश."

"माहेर?"

"राजेगाव."

"आणि काकांचं नाव काय?"

मी तयार होती. आता काकी हासणार, पदर तोंडाले लावणार, अन् मी नाव सांगणार. मी तोंड उघडलंही.

"सुखराम," काकी म्हणाली.

साधंच म्हणाली. शेजारच्या दुकानदाराचं नाव सांगावं तसं. ना हासली, ना लाजली, ना पदर सावरला. पुढच्या प्रश्नाची वाट पाहत बसली.

श्रुतिका खुलली. "अरे वा काकू! इथे पहिल्याच तुम्ही, ज्यांनी स्वतः नाव सांगितलं. बाकी सगळ्या किती लाजल्या." अन् तिनं तिथं पूर्ण मार्क दिला. तिची काय चूक? उत्तर बरोबरच होतं.

पण मी खिडकीकडे पाह्यलं. काका उठून उभे राह्यले होते. एक हात खिडकीच्या गजावर होता. जिंदगीभर ज्या तोंडातून आपलं नाव निघालं नाही, ते आज निघालं होतं, अन् त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे होतं ते मले पाहवलं नाही. काकानं सगळं पाठ करून घेतलं होतं, वार, महिना, शहर. हे एक पाठ करून घेतलं नव्हतं, काहून का याची गरजच नव्हती. लीला कधी नाव घेणार नाही, हे त्याइले सूर्य उगवण्याइतकं पक्कं माहीत होतं.

श्रुतिकानं बेरीज केली. काठावर होती, पण पार झाली. तो नावाचा मार्क नसता तर झाली नसती. ती उठून बाहेर गेली, हासत, "काका, अभिनंदन. काकूंची निवड झाली."

मी मागं उभी. मी काही बोलणार नव्हती, हे सांगते. त्या घराचं ज्यानं झाकलं, उघडायचा हक्कही त्याचाच. काकाले फक्त हौ म्हणायचं होतं. पेढे वाटता आले असते. लोकेशले फोन करता आला असता. वॉर्डाचं तोंड बंद झालं असतं.

काकानं हात जोडले. "मॅडम, हिचं नाव काढून टाका."

"का काका? झाली ना निवड."

"जे उत्तर तुमी बरोबर धरलं ना, तेच चुकलं." काका म्हणे. "ही माझं नाव नाही घेत. कधीच नाही घेत. रामाचंही नाही घेत, माझ्यामुळं. मेली असती, पण घेतलं नसतं. आज जिनं नाव घेतलं ती... ती माझी लीला नाही मॅडम. ती विसरली का नाव घ्यायचं नसते. ती मलेच विसरून राह्यली."

श्रुतिकानं हातातला कागद मिटवला. मंग ती पोट्टी काकाच्या बाजूले बाकड्यावर बसली, अन् तिनं त्याइचा हात धरला. मी तोंड फिरवून रडली. मेश्रामाची ज्योत्स्ना रडली, लिहून ठेवा, असं रोज होत नाही.

आतून काकी बाहेर आली. "चला ना सुखराम, भूक लागली," म्हणे.

काका उठले. "हौ, चल," म्हणे. अन् दोघं गेले.

पुढं जे करायचं ते केलं. श्रुतिकानं नागपूरच्या डॉक्टरचा पत्ता दिला, लोकेश येऊन दोघांले घेऊन गेला, तपासणी झाली. बिमारीचं नाव मोठं आहे, गोळ्या लहान आहेत. बिमारी जात नाही, हळू चालते, एवढंच. लोकेशनं पुन्हा रायपूरची गोष्ट काढली. काका म्हणे, "तिले हे आंगण अजून वळखू येते. जवरी वळखू येते तवरी इथंच राहू." लोकेश आता दर महिन्याले येतो, अन् भोंगा विकायचं म्हणत नाही.

अन् निवड? तीही झाली त्या घरातून. डॉक्टरकडून आल्यावर काका माझ्याकडे आले. "ज्योत्स्ना बाई, त्या अभ्यासात मी चालतो का?"

मी म्हटलं, "तुमाले कशाले पाहिजे आता?"

"दर महिन्याले येऊन विचारतात ना का काय काय आठवते? मंग मले घ्या. घरात एकाले तरी सगळं आठवलं पाहिजे. कोणी विचारत राह्यलं तर माझंही शाबूत राहीन."

त्याइची चाचणी झाली. बायकोचं नाव काय, असं श्रुतिकानं विचारलं तर बुढा असा लाजला का कानाच्या पाळ्या लाल. नवीन शब्द तिन्ही बरोबर सांगितले. आता दर महिन्याले श्रुतिका येते, काकाच्या ओसरीवर बसते, अन् चिन्नोर तांदळाच्या भाताचा वास सुटेपर्यंत उठत नाही. काका रामपायलीची जत्रा सांगतात. ती लिहून घेते. लिहिता लिहिता कधी कधी डोळे पुसते, मी पाह्यलं आहे.

इकडं काकीनं नाव घ्यायचा सपाटा लावला. भर गल्लीत, "सुखराम! ए सुखराम!" सुरुवातीले बाया फिदीफिदी हासल्या. गल्लीतली पुष्पलता दळणाचा डबा घेऊन चालली होती, तिनं मस्करी केली, "लीलाबाई आता मॉडर्न झाल्या हो." मी तिले तिथंच असं झापलं का ती दळण घ्यायले दुसऱ्या गल्लीतून जाते. पण काका रागावले नाहीत. प्रत्येक हाकेले "हौ, आलो" म्हणून हातातलं काम सोडून जात. मी एक दिवस विचारलं, "काका, वाईट वाटते का?"

"वाटते," म्हणे. मंग थोडं हासले. "पण खोटं कायले बोलू? नाव गोड लागते तिच्या तोंडून. आधीच एखाद्या वेळेस घेतलं असतं तर काय बिघडलं असतं?"

आता परवाचीच गोष्ट. संध्याकाळी मी वाटीत खीर घेऊन त्याइच्याकडे गेली. काकी आंगणात खाटेवर बसली होती, काका समोर तांदूळ निवडत होते. काकीनं काकाकडे पाह्यलं, अन् परक्या माणसाले विचारावं तसं, मान खाली घालून विचारलं, "भाऊ, आमचे सुखराम कुठं दिसले का तुमाले? कवाची बसली मी."

काकाचे हात सुपात थांबले. मले वाटलं आता हा माणूस मोडणार. मी म्हणणार होती, अवो काकी, हे काय समोर आहेत, पण काकानं मले मान हालवून थांबवलं. सूप बाजूले ठेवलं, उठले, अन् आत गेले.

थोड्या वेळानं आतून मशीनची घरघर आली. मंग भोंग्यातून आवाज, बारीक, पण जुनाच, जत्रेतलाच.

"लीलाबाई, लीलाबाई. राजेगावच्या लीलाबाई. जिथं असाल तिथून भोंग्याजवळ या. तुमचा माणूस वाट पाहून राह्यला आहे."

काकीनं मान वर केली. दोन्ही हातांनी पदर धरून डोक्यावरून घेतला, पार कपाळापर्यंत, जसा नव्या सुनेचा असते. उठली. मी हळूच विचारलं, "काकी, कोण बलावून राह्यलं वो?"

ती माझ्याकडे पाहून लाजली. पदराचं टोक तोंडाले लावलं.

"ज्याचा आवाज येऊन राह्यला, तो," म्हणे, अन् आत गेली.